वाणात गेलेली लोखंडी चंद्रव्वा

मी चंद्रव्वा बोलतेय. अक्कलकोटच्या पलीकडे राहणारी, हिरवं इरकल नेसणारी आणि साऱ्या गावाला धाकात ठेवणारी चंद्रव्वा वेगळी. ती हाडामांसाची. मी लोखंडाची. तिचं नाव मला कसं चिकटलं आणि त्याच नावानं माझा जीव कसा वाचला, ते आज सांगायचा बेत आहे. बसा, पण माझ्या अंगाला टेकू नका. उन्हानं तापलेय मी. तुम्हाला चटका बसेल आणि बोलणी मला खावी लागतील.

मी एक कमान आहे. दोन जाड नळ्या, मध्ये आडव्या पट्ट्या आणि सगळ्याला बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. मुंबईकडे ज्याला रोलर कोस्टर म्हणतात, त्याचा मी मधला, सर्वांत उंच तुकडा. सोलापुरात आमचं नाव डोंगरगाडी. छोटी गाडी रुळांवरून सोडायची, ती माझ्यावर चढली की माणसांच्या पोटात गोळा येणार, उतरली की किंकाळी फुटणार. इतर जनावरं भीती वाटली की पळून जातात. तिकीट काढून, रांग लावून घाबरायला येणारा प्राणी मी एकच पाहिला.

माझा जन्म संगप्पांच्या कारखान्यातला. कारखाना म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरची पत्र्याची एक लांब शेड. तिथे बैलगाडीचे आस, गिरणीच्या छपराच्या कैच्या, पाण्याच्या टाकीचे पाय, लग्नात रुखवतात ठेवायचे लोखंडी पलंग असलं सगळं बने. संगप्पा कामाला वाघ, पण बायको कमलम्मा आणि तिची आई, म्हणजे ती हाडामांसाची चंद्रव्वा, यांच्यापुढे अगदीच गोगलगाय. त्यांनी एकदा बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर परदेशातल्या डोंगरगाडीचं चित्र पाहिलं आणि त्यांना वेड लागलं. सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, दरवर्षी बाहेरगावचे लोक आकाशपाळणे आणून उभे करतात. आपल्या गावचं एकही लोखंड तिथे फिरत नाही, याचं संगप्पांना फार वाईट वाटे.

"कमला, येत्या गड्ड्यात आपली डोंगरगाडी," ते घरी म्हणाले.

"डबा रिकामा करून द्या आधी," कमलम्मा म्हणाल्या. "शेंगा भरायच्यात मला."

झाकण मात्र कारखान्यात आलं. त्यावर बघून आम्हाला घडवलं.

नळी वाकवायची रीत सांगते. आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची, कोळशावर लाल करायची आणि जमिनीत रोवलेल्या खुंट्यांमध्ये अडकवून ओढायची. वाळू नसली तर नळी चेपते. बाकीचे तुकडे मुकाट्यानं वाकले. मी वाकेना. वाकवलं की गार होता होता पुन्हा थोडी सरळ व्हायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. करमाळ्याकडचा ज्ञानबा हा संगप्पांचा जुना फिटर. तो घाम पुसत म्हणाला, "मालक, ही काय वाकत न्हाय. ही चंद्रव्वा हाय."

शेडमध्ये हसू पिकलं. संगप्पांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, बायको नाही ना याची खात्री केली, मग स्वतःही हसले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं.

नाव मला एकटीलाच नव्हतं हं. संगप्पांच्या कारखान्यात नकाशा कुणी उघडत नसे. प्रत्येक तुकड्याला स्वभावावरून नात्यातल्या माणसाचं नाव द्यायचं आणि खडूनं नाही, चांगल्या लाल रंगानं पोटावर लिहायचं. हळुवार उतार होता तो शांतम्मा, ही संगप्पांची गरीब स्वभावाची मावशी. सुरुवातीचा लांब चढ चनबसप्पा, म्हणजे कुठेही पोचायला वेळ लावणारे चुलते. कुणाला कुणाशेजारी जोडायचं हे लग्नातल्या पंगतीसारखं सगळ्यांना पाठ. चंद्रव्वाच्या एका अंगाला चनबसप्पा, दुसऱ्या अंगाला शांतम्मा. चुकायची सोयच नव्हती.

आणि आमची परीक्षा घ्यायची कडक भाकरीनं. ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि वाळून कडकडीत झालेली भाकरी. चळत करून गाडीत ठेवायची आणि गाडी सोडायची. भाकरी उडाली पाहिजे, तुटता कामा नये. तुटली तर वळणात कुठेतरी हिसका आहे. शांतम्मावरून भाकरी झोपेत गेल्यासारखी जाई. माझ्यावर रोज चुरा. चुरा झाला की सगळे कामगार शेंगाचटणी घेऊन गोल बसत, त्यामुळे मला सुधारायची कुणालाच फारशी घाई नव्हती.

भाकरी येत खऱ्या चंद्रव्वांच्या घरून. टोपलीभर भाकरी कुठे जातात हे बघायला एकदा त्या स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. बरोबर त्यांचे यजमान चनमल्लप्पा. या गृहस्थांनी सगळ्या संसारात "व्हय की" याखेरीज काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

चंद्रव्वांनी माझ्या पोटावरचं नाव वाचलं. शेडमध्ये हातोडे थांबले.

"इदेनप्पा?" त्या कानडीत म्हणाल्या. म्हणजे, हे काय रे बाबा? मग मराठीत आल्या. राग आला की त्या मराठीत येत. "जावई, हे माझं नाव हाय की."

"व्हय, अत्ती." कानडी घरातली रीत, सासूबाईंना ते अत्ती म्हणत. "मानाचं हाय. सगळ्यात उंच तुकडा तुमच्या नावचा."

"उंच म्हणून, का वाकत न्हाय म्हणून?"

ज्ञानबा उगाच भट्टीत डोकावू लागला.

"माझ्या नावाचं लोखंड साऱ्या सोलापूरच्या पोटात गोळा आणणार, आणि मी काय नुसतं बघत बसू?" चंद्रव्वा गरजल्या. "ऐका. गड्ड्यात ह्याच्यावर पयली मी बसणार. तोवर जावयाच्या घरचं पाणी पिणार न्हाय!"

"व्हय की," चनमल्लप्पा म्हणाले.

आणि त्या तशाच उन्हात एसटीला निघून गेल्या. कमलम्मा तांब्या घेऊन दारापर्यंत धावल्या, तांब्या तसाच परत आणला. त्यानंतर दसरा आला, दिवाळी गेली, आई माहेरचं ताट घेऊन लेकीच्या दारात आली नाही. कमलम्मा कारखान्यात डबा द्यायला येत तेव्हा माझ्याकडे असं बघत, की मला लोखंड असून मेल्याहून मेल्यासारखं होई. माझा काय दोष होता? मी वाकत नव्हते, एवढंच.

तशात कारखाना विकला गेला.

त्या काळात जिकडेतिकडे साखर कारखाने उभे राहत होते आणि लोखंड मिळे कोट्यावर. मुंबईची एक प्रचंड, लोखंडी सांगाडे बांधणारी स्ट्रक्चरल कंपनी गावोगावच्या शेडी विकत घेत सुटली होती. त्यांना लोखंड वॅगननं येई, आम्हाला वशिल्यानं. शेडमध्ये माणसं आहेत आणि लोखंड नाही, असे बसून दिवस जाऊ लागले, तेव्हा संगप्पांनी मान तुकवली. आपल्याच शेडीत ते नोकर झाले. एकच अट घातली, अर्धी झालेली डोंगरगाडी पुरी करून येत्या गड्ड्यात उभी करायची. मोठ्या साहेबांनी मुंबईहून शब्द दिला.

मग कंपनीनं नेमलेले केतकर साहेब आले. माणूस वाईट नव्हता हो. कामगारांना नवे हातमोजे दिले, गळकं छप्पर नीट केलं, पगार वेळेवर केला. फक्त त्यांना सरळ गोष्टींची भारी हौस. भांग सरळ, टाय सरळ, टेबलावरची पेन्सिलही टेबलाच्या काठाला समांतर. माझ्याकडे पाहिलं की त्यांची मान आपोआप तिरकी व्हायची.

"संगप्पा, एक वाकडा तुकडा करायला लागतो त्या वेळात सहा सरळ होतात," ते म्हणाले. "कंपनी ऊसपट्टे करते. शेतातून आलेला ऊस चरकापर्यंत नेणारे, लांब आणि सरळ. हे असलं काम पुढे नको."

"पण शब्द दिलाय साहेब."

"दिलाय ना. शब्द म्हणजे शब्द. संक्रांतीला गाडी धावली, लोक बसले, तर दरवर्षी उभी करू. नाही धावली, तर किंक्रांतीला गॅस कटर, आणि लोखंड ऊसपट्ट्याला."

ऐकून माझ्या अंगावर काटा आला. लोखंडावर आलेल्या काट्याला माणसं गंज म्हणतात.

कंपनीची रीत अशी, की जे हाती येईल त्याला राखाडी रंग द्यायचा. शेड राखाडी झाली, भट्टी राखाडी झाली, एका दुपारी झोपलेल्या वॉचमनचा एक बूटही राखाडी झाला. भाकरीची परीक्षा बंद. "खाद्यपदार्थ यंत्रावर ठेवू नयेत," अशी पाटी लागली. नावं पुसून नंबर टाकायचा हुकूम निघाला. चनबसप्पा एक नंबरचा झाला, शांतम्मा तीन नंबरची झाली आणि ज्ञानबा दोन्हींमध्ये गोंधळून फिरू लागला. नंबरांना नातीगोती नसतात, मग तो तरी काय करणार?

मला रंगवायला संगप्पा स्वतः आले. ब्रश बुडवला, नावाजवळ नेला आणि हात थांबला.

"सासूच्या नावावर बोळा कसा फिरवू?" ते पुटपुटले. "पाणी तोडलंय, आता लेकीचं तोंडबी बघणार न्हाय ती."

त्यांनी माझ्या पाठीला राखाडी लावला, पण पोटावरचं लाल नाव तसंच ठेवलं. नंबर टाकायला विसरले की मुद्दाम टाकला नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सगळ्या शेडमध्ये नंबर नसलेली आणि नाव असलेली मी एकटीच उरले.

भोगीच्या सकाळी आम्हाला गड्डा भरतो त्या होम मैदानावर न्यायला ट्रक आला. कंपनीनं नवा ड्रायव्हर ठेवला होता, टेंभुर्णीचा तात्याबा. सारा जन्म बाजार समितीची पोती वाहिलेला माणूस. पोत्यावर ज्याचं नाव, त्याच्या दारात पोतं, हा त्याचा धर्म. पहिल्या खेपेला नंबरवाले तुकडे मैदानात टाकून आला, दुसऱ्या खेपेला मला चढवलं आणि त्याला नाव दिसलं.

"ही चंद्रव्वा कुटली?" त्यानं वॉचमनला विचारलं.

"संगप्पांची सासू. अक्कलकोटच्या म्होरं ऱ्हाते," वॉचमन आपला राखाडी बूट घासत म्हणाला.

"अस्सं! संक्रांतीचं धाडलंय व्हय जावयानं?" तात्याबा खूश झाला. "लई मोठं वाण हाय की!"

आणि ट्रक उलट्या दिशेला वळला.

आता तुम्हीच सांगा, आजवर कुठल्या जावयानं सासूला वाण धाडलं होतं? बायकांनी बायकांना द्यायची ती गोष्ट. जावयानं फार तर आहेर घ्यायचा, रुसायचं आणि आणखी घ्यायचा. मला दोरखंडांनी ओढून चंद्रव्वांच्या अंगणात उतरवलं तेव्हा अख्खं गाव गोळा झालं. म्हशीनं दावं तोडलं. चंद्रव्वा दारात आल्या आणि माझ्या पोटावरचं स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"जावयानं वाण धाडलंय," तात्याबानं वर्दी दिली आणि चहा पिऊन तो निघून गेला.

"जावई असावा तर असा!" शेजारीण म्हणाली. "आमचा मेला रुमालबी देत न्हाय."

चंद्रव्वांनी पदर सावरला, कंबर ताठ केली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मला हळदीकुंकू लागलं. दोन्ही टोकांना ऊस बांधला, खाली गाजरं, बोरं, हरभऱ्याचे डहाळे ठेवले. बायका येत होत्या, मला ओवाळत होत्या आणि जाता जाता आपापल्या जावयांना नावं ठेवत होत्या. खरं सांगते, कारखान्यात मला सगळ्यांनी हातोडेच मारले होते. कुंकू लावताना बोट किती हलकं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

इकडे मैदानावर काय चाललं होतं, ते मला शांतम्मानं, म्हणजे त्या उतारानं, नंतर सांगितलं. भोगीच्या संध्याकाळी माझी जागा रिकामी पाहून संगप्पांनी सगळे तुकडे पुन्हा मोजले. केतकर साहेबांनी तोडगा काढला, ऊसपट्ट्याचा एक सरळ तुकडा तिथे बसवला. चाचणीला ज्ञानबाला गाडीत घातलं. गाडी चनबसप्पावरून चढली, सरळ तुकड्यावरून संथपणे गेली, शांतम्मावरून खाली आली. ज्ञानबाला उठवावं लागलं.

"झोप छान लागती साहेब," तो डोळे चोळत म्हणाला. "पर ह्याला तिकीट कोण काढंल?"

वॉचमनकडून चंद्रव्वाचा पत्ता लागला आणि संक्रांतीला सकाळी संगप्पा, ज्ञानबा आणि खाली मान घातलेला तात्याबा ट्रक घेऊन गावात हजर झाले. अंगणात माझं मखर पाहून संगप्पा ट्रकच्या पायरीवरच थांबले.

"या जावई!" चंद्रव्वांनी तोंडभरून स्वागत केलं. असा आवाज त्यांच्या गळ्यात होता हे गावालाही नवीन होतं. "लई मान राखलात. आता कुणी म्हणायचं न्हाय, की चंद्रव्वाच्या जावयाला रीत ठावं न्हाय."

संगप्पा एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा सासूकडे. खोटं बोलून निभावलं असतं, पण मग मी इथेच म्हैस बांधायला राहिले असते आणि डोंगरगाडी उद्या कटरखाली गेली असती.

"अत्ती," ते म्हणाले, "मी धाडलं न्हाय. ड्रायव्हर चुकला. तुमचं नाव मला पुसवलं न्हाय, तेवढ्यानं चुकला. आज ही गड्ड्यात लागली न्हाय, तर उद्या सगळी गाडी कापणार. तुमच्या नावासकट."

शेजारणीच्या हातातलं बोर खाली पडलं.

चंद्रव्वांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. बाई वाकत नाही, पण आतून कुठेतरी मुडपली. गावासमोर मिळालेला मान गावासमोरच गेला होता. माझी आणि तिची जात एक, म्हणून मला ते दिसलं.

"पुसवलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"हं." त्यांनी डोळे पदरानं टिपले, आणि लगेच धूळ गेल्याचं सांगितलं. "पर वाण परत देत्यात का कुटं? मला पोचलं, कुंकू लागलं. आता परत दिलं तर अपशकुन. लोक शेण घालतील तोंडात."

हे मात्र खरं होतं. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. ज्ञानबानं टोपी काढली, पुन्हा घातली.

तेव्हा ओट्यावर बसलेले चनमल्लप्पा खाकरले. लोकांना वाटलं, आता "व्हय की" येणार.

"परत न्हाय देत," चनमल्लप्पा म्हणाले. "म्होरं देत्यात."

एवढं बोलून ते दमले आणि पाणी प्यायले. पण चंद्रव्वांचे डोळे चमकले. वाण परत करायचं नसतं, लुटायचं असतं! आईनं लेकीला वाण दिलं तर त्यात कुणाच्या बापाचं काय जातं?

"चला," त्या ओरडल्या. "उचला मला!" आणि मग सावरून, "तिला."

ट्रकमध्ये चंद्रव्वा माझ्या उंचवट्यावरच बसून आल्या, अंगावर हिरवं इरकल, मांडीवर कडक भाकरीची टोपली. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या काठ्यांच्या गर्दीनं रस्ते बंद, म्हणून तात्याबानं नव्या पेठेतून गाडी घातली. कापडवाले गज टाकून बाहेर आले, सराफ तराजू सोडून बाहेर आले. ऊस बांधलेल्या लोखंडी डोंगरावर बसलेली म्हातारी पाहून एकानं चक्क हात जोडले. चंद्रव्वांनीही आशीर्वाद देऊन टाकला.

मैदानावर केतकर साहेब घड्याळ बघत उभे. "संगप्पा! कंपनीचा माल परवानगीशिवाय बाहेर गेला कसा?"

त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता चंद्रव्वा खाली उतरल्या. गर्दीत कमलम्मा उभ्या होत्या. कित्येक महिन्यांनी मायलेकी समोरासमोर आल्या. चंद्रव्वांनी लेकीला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "घे. तुझं वाण."

कमलम्मा रडत हसल्या, की हसत रडल्या, ते गर्दीतून नीट दिसलं नाही.

"अहो बाई, हे कंपनीचं आहे," साहेब काकुळतीला आले. "कंपनीनं कारखाना मालासकट विकत घेतलाय."

"तुमी विकत घेतलं असंल," चंद्रव्वा म्हणाल्या. "आमी वाणात घेतलं. वाणाला मालक नसतो."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात कमलम्मांच्या मनात काय आलं कोण जाणे. साहेबांच्या मागे केतकरबाई उभ्या होत्या. सोलापुरात नव्या आलेल्या, ओळखपाळख नाही, संक्रांत असून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. नवऱ्याचं बोट धरून यावं तशा त्या जत्रेत आल्या होत्या. कमलम्मा त्यांच्यापुढे गेल्या, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "वहिनी, आमच्या आईचं वाण आता तुमाला. मोठं हाय, पर नाही म्हणू नका."

केतकरबाईंनी आधी कपाळावरचं कुंकू चाचपलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मी लोखंड आहे हेच विसरले.

"अय्या," त्या म्हणाल्या. "सोलापुरातलं माझं पहिलं वाण." आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, माझं वाण आहे ते. बघत काय उभे राहिलात? लावा त्याच्या जागेवर."

एका सकाळीत माझे तीन मालक बदलले. मोठ्या कंपन्यांना याला वर्षं लागतात, वकील लागतात. इथे चिमूटभर कुंकवात काम झालं. केतकर साहेबांनी टाय सैल केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वाकडा राहू दिला.

मला वर चढवलं, तर एका टोकाचा बोल्ट बसेना. अंगणात एक दिवस, एक रात्र लोळून मी पुन्हा थोडी सरळ झाले होते. ज्ञानबानं घण घातले, ताकद लावली. मी हलेना. शेवटी चंद्रव्वा पुढे झाल्या आणि मला एक चापट मारली. "बस की गुमान! किती ताठा तो!"

बोल्ट बसला. ज्ञानबा म्हणतो त्याच्या शेवटच्या घणानं बसला. म्हणू दे बापड्याला.

मग गाडी आली. चंद्रव्वा पहिल्या बाकावर बसल्या, मांडीवर भाकरीची चळत. शेजारी चनमल्लप्पांना बसवलं. "भीती वाटती का?" त्यांनी विचारलं. "व्हय की," चनमल्लप्पा म्हणाले, आणि हे बहुधा मनापासून होतं.

गाडी सुटली. चनबसप्पावरून कुरकुरत चढली. माझ्या माथ्यावर आली तेव्हा क्षणभर थांबल्यासारखी झाली. वर एक चंद्रव्वा, खाली एक चंद्रव्वा. मी जीव मुठीत धरून पाठ जमेल तेवढी मऊ केली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाकावंसं वाटलं. मग गाडी खाली झेपावली, भाकऱ्या टोपलीतून हातभर उडाल्या, इरकलाचा पदर निशाणासारखा फडफडला आणि "अय्यो शिवने!" अशी आरोळी उठली. आरोळी चनमल्लप्पांची होती.

गाडी थांबली. चंद्रव्वा ताठ बसून होत्या.

चंद्रव्वांनी टोपलीत हात घातला, एकेक भाकरी उलटून पाहिली. एकच तुटली होती. त्यातला तुकडा त्यांनी तोंडात टाकला, कडाकडा चावला. कोरड्या भाकरीनं घास घशात अडकला. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "कमला, पाणी आण."

लोकांना वाटलं म्हातारीला घेरी आली. कुणी कांदा शोधू लागलं. पण कमलम्मांना आणि संगप्पांना कळलं. त्यांच्या घरचा तांब्या त्या दिवशी कमलम्मांनी मैदानावर बरोबर का आणला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. चंद्रव्वांनी तो वर धरला आणि घटाघटा रिकामा केला. संगप्पा चिखलात की धुळीत कशात तरी बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले.

त्या गड्ड्यात आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत धावलो. कंपनीनं मग पुढच्याच साली ही शेड बंद केली, माणसं कुर्डुवाडीच्या बाजूला नेली. चनबसप्पा, शांतम्मा, सगळे ऊसपट्ट्यात गेले. कुठल्या तरी साखर कारखान्यात शांतम्मावरून ऊस हळुवार उतरत असेल. मला मात्र कटर लागला नाही. केतकर साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना केतकरबाईंनी मला पुन्हा कमलम्मांच्या ओटीत घातलं. कंपनीचे कागद काही म्हणोत, वाणाला कटर लावायची कुणाची छाती झाली नाही.

आज मी संगप्पांच्या परसात आहे. माझ्यावर चादरी वाळतात. ज्ञानबा येतो, बसतो आणि तो घण त्याचाच होता हे पुन्हा सांगतो. संगप्पा आता घरच्या घरी लहान मुलांचे पाळणे करतात आणि प्रत्येकाला नाव देतात.

तुम्ही कधी काही विकत घ्याल, एखादं दुकान, शेड, नाही तर जुनं लोखंड, तर एवढंच करा. रंग द्यायच्या आधी त्याच्या पोटावर काही लिहिलंय का, ते वाकून बघा.

आणि सणासुदीला चंद्रव्वा येतात. माझ्या सावलीत बसून पाणी पितात आणि रिकामा तांब्या सवयीनं माझ्या पाठीवर ठेवतात. तो दर खेपेला घसरतो. "मेली वाकडी!" त्या ओरडतात. मला वाकवायला साऱ्या कारखान्याला घाम फुटला होता, आणि ही बाई मला वाकडी म्हणते! मी गप्प बसते. पुढच्या सणाला पुन्हा पाडते.